लठ्ठपणा घराण्यातून येतो का? घरच्या घरी असा लावा अंदाज

वजनकाट्याआधी शिंप्याची टेप काढा. सकाळी उपाशीपोटी, पोटावर कपडा न ठेवता सरळ उभे राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवी गुंडाळा, श्वास नेहमीसारखा सोडा आणि आकडा वाचा. पँटचा पट्टा बांधतो तिथे मोजू नका. पट्टा पोटाखाली घसरलेला असतो आणि घेर खोटाच कमी येतो. पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० सेंमी ही मर्यादा. ती ओलांडली असेल तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२ इतका व्यवस्थित असला तरी निर्धास्त राहू नका.

पुण्यात हे सांगावं लागतं, कारण ‘बारीक पण चरबीदार’ अंगाचा अभ्यास इथेच झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. बाळांतही तेच: इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं ३.५. पण कमी पडतात ते मुख्यतः स्नायू, कातडीखालची चरबी फारशी घटत नाही. याचं खापर एकट्या जनुकांवर फोडू नका, आईच्या पोषणाचाही त्यात हात आहे.

आता घराचा तक्ता करा. आजी-आजोबांपासून तीन पिढ्या घ्या. प्रत्येकापुढे पोट कितव्या वर्षी सुटलं, मधुमेह कधी झाला आणि काम काय होतं, एवढं लिहा. शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि खरी गोम तिथेच असते. शेतात राबणारे आजोबा सडपातळ आणि हिंजवडीत खुर्चीत बसणारा नातू ढेरपोट्या, तर जनुकं बदलली नाहीत, दिवस बदलला.

लठ्ठपणाशी जोडलेली बरीचशी जनुकं भुकेवर काम करतात. २००७ मध्ये सापडलेल्या एफटीओ जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक वडिलांकडची) जोखमीच्या असलेले युरोपीय प्रौढ सरासरी ३ किलोच जड भरले. अशांना पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. तेव्हा उपायही तिथेच हवा: बाकरवडी वाटीत काढून घ्यायची, डबा पुन्हा फळीवर. जेवणाची सुरुवात उसळ किंवा घट्ट वरणाने करा. दुसरी वाढ घेण्याआधी दहा मिनिटं थांबा.

हालचालीने जनुकाचा जोर ओसरतो. दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या २०११ च्या विश्लेषणात हिंडत्याफिरत्या लोकांत एफटीओमुळे वाढणारी जोखीम सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसली. पर्वती किंवा तळजाई चढा, पण तेवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे उणीव स्नायूंची, म्हणून आठवड्यातून दोनदा बैठका, जोर आणि वजनं हवीतच.

‘तुमच्या जनुकांनुसार डाएट’ सांगणारं किट विकत घेऊ नका. २०१८ मध्ये ६०९ जणांवर वर्षभर झालेल्या चाचणीत कुणाला कमी चरबीचा आहार मानवेल नि कुणाला कमी कर्बोदकांचा, हे जनुकांवरून ओळखता आलं नाही. अपवाद एकच: पाच वर्षांच्या आत मूल अतिलठ्ठ झालं आणि त्याची भूक काही केल्या भागेना, तर बालरोगतज्ज्ञ-एंडोक्रिनॉलॉजिस्टना (मुलांच्या संप्रेरकांच्या डॉक्टरांना) दाखवा. तिथे भूक आवरणाऱ्या एमसी४आर किंवा लेप्टिन या संप्रेरकाशी संबंधित एकाच जनुकातला बिघाड असू शकतो आणि तपासणीचा खर्च सत्कारणी लागतो.