लाइनमन यायच्या आधी: भाड्याच्या घरातली फोनची वायर

लँडलाइन फोनमध्ये खरखर आहे, पाऊस पडला की लाइन डेड होते, अशी तक्रार नोंदवण्याआधी एवढं ठरवा की दोष बाहेर आहे की घरात. साधारण रीत अशी, की खांबावरून घरातल्या पहिल्या डबीपर्यंतचं काम कंपनीचं. तिथून पुढे खोल्यांत फिरवलेली वायर घराची, म्हणजे बहुतेक वेळा मालकाची. हे न बघता बोलावलं तर लाइनमन डबीवर आपला फोन लावून टोन ऐकवतो, "लाइन ओके आहे" म्हणतो आणि जातो. त्याचंही चुकत नाही.

म्हणून ती डबी शोधा. सोलापुरात साखर पेठेसारख्या जुन्या भागात ती बहुधा दाराच्या चौकटीपाशी, रंगाऱ्याने भिंतीसकट रंगवून टाकलेली सापडते. रंगाची कड ब्लेडने चिरून मगच झाकण काढा, नाहीतर प्लॅस्टिकचे कान मोडतात. आत दोन स्क्रू असतात. बाहेरून आलेली काळी ड्रॉप वायर त्यांनाच आवळलेली आणि घरात जाणारी बारीक जोडीही त्यांनाच. आधी फोटो काढा. मग फक्त आतली जोडी सोडवा आणि चालू असल्याची खात्री असलेला साधा वायरचा फोन डबीच्याच सॉकेटला लावा. कॉर्डलेस नको, त्याचा अडॅप्टरच कधी कधी घरघरतो. आवाज स्वच्छ आला तर दोष घरात. खरखर तशीच राहिली तर बिनधास्त तक्रार करा. ०२१७ या सोलापूरच्या एसटीडी कोडसकट नंबर द्या आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

मल्टिमीटर मिळाला तर रिसीव्हर फोनवर ठेवलेला असताना दोन स्क्रूंमध्ये डीसी ४८ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. यात भिण्यासारखं फारसं नाही, पण रिंग येते तेव्हा ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि चांगला झटका बसतो. विजा चमकत असताना तर डबीला हातच लावू नका.

दोष घरात निघाला तर सांधे बघा, वायर सहसा मधेच खराब होत नाही. काळी टेप सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाझरून चिकट होते, आत ओल शिरते आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. फोनची वायर लाइटच्या पाइपातूनच ओढली असेल तर गुणगुण येणार, शिवाय ते धोक्याचंही आहे. रिंग वाजली की नेट तुटत असेल तर त्याच लाइनवर जोडलेल्या एखाद्या जादा (पॅरलल) फोनला फिल्टर, म्हणजे फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारा छोटा तुकडा, लावलेला नाही, असं समजा.

मग मालकांना व्हॉट्सॲपवर फोटोसकट लिहा: "काका, डबीपर्यंत लाइन चांगली आहे, आतली वायर बदलावी लागेल. भिंत न फोडता पट्टीतून नेतो. खर्चाचं कसं करायचं?" तोंडी बोलणं डिपॉझिट परत घेताना कुणालाच आठवत नाही. करारनाम्यात दुरुस्तीचं काय लिहिलंय तेही त्याआधी वाचून घ्या. 'हो' आल्यावरच सामान आणा.

लाइनमन आलाच तर गल्लीत फायबर आलंय का, विचारा. आलं असेल तर फोन थेट फायबरच्या मोडेमला लागतो आणि जुन्या वायरीवर खर्च करायची गरजच राहत नाही. फक्त लाइट गेली की तो फोनही बंद पडतो, तांब्याच्या लाइनला एक्सचेंजमधून वीज मिळते. घरात म्हातारं माणूस एकटं राहत असेल तर मोडेमला छोटा यूपीएस लावून घ्या.