जुन्या घराची दुरुस्ती काढताय? चुना दिवाळीतच भिजत घाला

राजापूर तालुक्यातलं आमचं घर पणजोबांनी बांधलेलं. जांभ्याच्या भिंती, किंजळीचे वासे, वर मंगलोरी कौलं. अशा घरात राहून दुरुस्ती काढायची तर सहहिस्सेदारांची लेखी संमती, ग्रामपंचायतीचा उतारा, कामाआधीचे फोटो हे सगळं लागतंच, तुम्हाला माहीत आहे. मी जे विसरलो ते आधी सांगतो. चुना.

गवंडी जानेवारीत येणार असला तरी कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेले चुन्याचे कोरडे खडे, दिवाळीत भिजत पडला पाहिजे. गेल्या खेपेला गवंडी अंगणात उभा आणि माझ्याकडे विरवलेला, म्हणजे पाण्यात भिजवून तयार केलेला चुना नाही. चार माणसांची मजुरी चालू होती, म्हणून देवघराच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू दिला. जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जाते. सिमेंट तिला आत कोंडतं. श्रावणात रंगाला फुगे आले, टकटक केलं तर आवाज पोकळ. पुढच्या उन्हाळ्यात ताटाएवढा पोपडा सुटला आणि त्याच्या पाठीला चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या दगडाचा थर चिकटून आला. मागचा चिरा नखाने खरवडला तरी लाल भुकटी पडत होती. पणजोबांनी बसवलेला चिरा होता तो.

चुना विरवताना लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या, मग त्यात कळी थोडी थोडी टाका. उलटं कधीही करू नका. पाणी उकळतं, अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा हवाच आणि पोरांना लांब ठेवा. थंड झाल्यावर गाळून घ्या आणि वर चार बोटं पाणी कायम ठेवा. घाई केलीत तर न विरलेले खडे भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलावा फोडतात. म्हणून महिना तरी द्याच, दोन मिळाले तर उत्तम. वाळू खाडीची नको, तिच्यात मीठ असतं. गिलावा झाल्यावर आठवडाभर पाणी मारत राहा, ऊन लागू देऊ नका.

आणि गवंडी आधी शोधा. “चुन्याला वेळ लागतो, सिमेंट लावू” म्हणणारा असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. पिंप भरलेलं असेल तरच तुम्हाला असं म्हणता येईल.

शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून परत नीट लावणं, एप्रिल-मेमध्ये, मृगाआधी. त्याआधीच्या पावसाळ्यात घरातच राहा आणि कुठे गळतं तिथे खडूने खुणा करा; उन्हात काही कळत नाही. कौलं उतरवताना पाठीवरचे शिक्के बघा. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, नंतर इतरही निघाले, आणि एका साच्याचं कौल दुसऱ्यात नीट बसतंच असं नाही. जुनी चांगली कौलं छपराच्या एका बाजूला लावा, नवी दुसऱ्या. एका वेळी एकच पाखं, म्हणजे छपराची एकच उतरती बाजू उघडा, ताडपत्री हाताशी ठेवा. मे महिन्यातही वळवाचा पाऊस येतो.

वासे टोकांना टोचून बघा, कुजतात ते भिंतीत बसलेल्या टोकाकडून. सगळा वासा बदलायची गरज नसते, चांगला सुतार जोड देतो.

माजघराच्या जमिनीवर फरशी घालायचा मोह होईल. घालू नका, जमिनीची ओल मग भिंतीतच चढते.

वायरिंग भिंत न खोदता, वरून पट्टीतून. स्वयंपाकघर शेवटी घ्या, जेवायचं तिथेच आहे. दारांचा जुना रंग घासताना तोंडाला नीट बसणारा धुळीचा मास्क, नुसतं फडकं पुरत नाही; जुन्या रंगात शिसं असू शकतं. पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब काढा. बाकीचं सुतार सांगेल.

चुन्याचं पिंप मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, सावलीत ठेवा. झाकण लावा, वर दगड ठेवा. कळी कुठे मिळते ते आजच विचारा.