घरात पुराचं पाणी शिरलं तर: चिखलापासून रंगापर्यंत

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांतले तळमजले पाण्यात गेले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं १२ नोव्हेंबरला, म्हणजे मध्ये पन्नास दिवस. सप्टेंबरात पाणी शिरलेल्या घराचं दुसरं नुकसान याच पन्नास दिवसांत होतं. भिंत वरून कोरडी दिसते, दिवाळी तोंडावर असते, मिस्त्री पुट्टी मारून प्लास्टिक पेंट चढवतो. जानेवारीत तोच रंग पापडासारखा फुगून सुटतो आणि कपाटामागे काळी बुरशी धरलेली असते. साफसफाई दोन-चार दिवसांत उरकता येते. वाळवायला मात्र महिने जातात, आणि तिथेच घाई नडते.

आधी एक गोष्ट ओळखा. छतावरची टाकी वाहिली किंवा पाइप फुटला तर ते पाणी स्वच्छ असतं. नाग नदी, पिवळी नदी किंवा नालीतून आलेलं पाणी म्हणजे सरळ सरळ सांडपाणी. गडर लाइन (सांडपाण्याची नळी) तुंबून नहाणीतून किंवा संडासातून वर आलेलं पाणीही तेच. ते कितीही निवळ दिसलं तरी घाणच धरायचं. स्वच्छ पाणीसुद्धा दोन दिवस साचून राहिलं की त्याच रांगेत जातं.

आत पाय टाकण्याआधी

मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी पोचता येत असेल तरच तो बंद करा. मीटरची पेटी पाण्यात असेल किंवा तिथे जायला पाण्यातून चालावं लागत असेल तर हात लावू नका. महावितरणच्या १९१२ वर कळवा आणि लाइनमनकडून पुरवठा तोडून घ्या. बहुतेक जण विसरतात तो इन्व्हर्टर. बाहेरची वीज गेली तरी त्याची बॅटरी घराच्या वायरिंगमध्ये करंट सोडतच राहते. तो कोरड्या जागी असेल तर बंद करा, पाण्यात असेल तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्या खोलीत जाऊ नका. सिलिंडरचं रेग्युलेटर बंद करा. वास येत असेल तर कोणतंही बटण न दाबता बाहेर पडा आणि १९०६ वर फोन करा.

गमबूट, रबरी हातमोजे आणि हातात एक काठी हवीच. पुरातून आलेला साप किंवा विंचू कपाटामागे, चपलांच्या रॅकमध्ये, ओल्या गादीखाली दडून बसतो. वस्तू हलवण्याआधी काठीने ठोका. साप दिसलाच तर सर्पमित्राला बोलवा, मारायला धावू नका.

आवरायला लागण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: प्रत्येक खोलीत भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याजवळ धरलेला टेप, फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मागचं मॉडेल नंबरचं लेबल. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. तलाठी किंवा महापालिकेचे कर्मचारी पंचनाम्याला येतील तेव्हा सामान फेकलेलं असलं तरी फोटो हाताशी राहतात. पंचनाम्याची वाट पाहत ओल्या गाद्या चार दिवस घरात ठेवणं महागात पडतं.

पाणी आणि चिखल

घरातलं टुल्लू किंवा मोनोब्लॉक पंप गढूळ पाण्याला लावू नका. चिखल आत गेला की पंपाचा पंखा जाम होतो आणि मोटर जळते. चिखलाचा पंप भाड्याने मिळतो, तोच आणा. पेट्रोल-डिझेलवरचा पंप खोलीत किंवा तळघरात कधीही चालवू नका, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि त्याने माणूस दगावतो.

तळघर भरलं असेल तर एका दमात उपसू नका. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि बाहेरून भिंतीवर दाब टाकते. आतल्या पाण्यानेच तो दाब तोलून धरलेला असतो. दिवसाला दोन-तीन फूट उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर बाहेरची जमीन अजून भरलेली आहे, आणखी एक दिवस जाऊ द्या.

चिखल मात्र त्याच दिवशी काढा. काळ्या मातीचा गाळ ओला असताना वायपरने सरकतो. वाळला की त्याला दगडासारखा कडकपणा येतो, भेगा पडतात आणि खरवडताना फरशीची चकाकी जाते. फावड्याने घमेल्यात आणि घमेल्यातून पोत्यात भरा. नहाणीत लोटू नका, ट्रॅप चोक झाला की धुतलेलं पाणी पुन्हा घरातच साचेल.

मग धुणं. आधी साबण, नंतर ब्लीच, हा क्रम उलटा करायचा नाही. चिखल आणि तेलकटपणा शिल्लक असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं आणि जंतू तसेच राहतात. भिंत पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरून खाली धूत या. त्यानंतर १० लीटर पाण्यात १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर (३३ टक्के क्लोरीनची) कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. बाजारातलं ४-५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच) असेल तर एक भाग त्याचा, नऊ भाग पाणी. फरशी आणि भिंत या पाण्याने ओली ठेवून अर्धा तास थांबा, मग साध्या पाण्याने धुवा. पावडर जुनी, ओलसर, बिनवासाची असेल तर तिचा उपयोग नाही. लोखंडी कपाटावर ब्लीच राहिलं तर गंज चढतो, म्हणून ते लगेच पुसा. आणि संडास धुण्याचं ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, एकाच दिवशी एकाच जागी दोन्ही वापरूही नका. त्यातून निघणारा वायू फुप्फुसं जाळतो.

काय ठेवायचं, काय टाकायचं

सांडपाणी प्यायलेली कापसाची गादी, फोम, उशा, सोफ्याचा स्पंज टाकून द्यायचा. पिंजून घेतलेला कापूसही तोच राहतो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं) फर्निचर फुगलं की परत बसत नाही. साध्या प्लायवूडचे थर सुटतात, बॉइलिंग वॉटरप्रूफ प्लाय बहुधा वाचतं. सागवानाची दारं, पलंग, देवघर हमखास वाचतात, फक्त धुऊन सावलीत वाळवा. उन्हात ठेवलं तर फळी वाकते. फुगलेलं दार चौकटीत अडकलं म्हणून लगेच रंधा मारू नका. दोन महिन्यांनी ते आपोआप आकसतं आणि रंधा मारलेल्या बाजूला फट पडते.

धान्याबद्दल मन घट्ट करावं लागतं. वर्षभराचे गहू, तांदूळ, तूरडाळ कोठीत असतात आणि ते फेकवत नाही. पण नालीचं पाणी लागलेलं धान्य धुऊन, वाळवून, दळूनही खाण्यालायक होत नाही. ते जनावरांनाही घालू नका. औषधं, मसाले, लोणच्याच्या बरण्याही गेल्याच. फक्त कारखान्यात सीलबंद झालेले पत्र्याचे डबे वाचतात, तेही न चेपलेले, आधी धुऊन, मग ब्लीचच्या पाण्यातून काढून.

खरेदीखत, मार्कशीट अशी कागदपत्रं ओली झाली असतील आणि आज वाळवायला वेळ नसेल, तर थोडी थोडी करून पॉलिथिनच्या पिशव्यांत घाला आणि पाणी न शिरलेल्या नातेवाइकाच्या फ्रीजरमध्ये ठेवा. गोठल्यावर बुरशी थांबते आणि शाई आणखी पसरत नाही. नंतर एकेक पान काढून दोन कोऱ्या कागदांमध्ये, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे करून ओढू नका. स्वच्छ थंड पाण्यात भिजवून हळूच सोडवा. खरेदीखत गेलंच तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदणीकृत नक्कल मिळते.

वीज आणि पाण्याची टाकी

फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर चालतो का ते पाहण्यासाठी प्लग लावणं ही सर्वांत महाग चूक. आतलं पाणी न काढता करंट दिला की दुरुस्त होऊ शकणारी मोटरही जळते. बुडालेल्या गाडीलाही किक किंवा स्टार्टर मारू नका, ढकलून गॅरेजला न्या.

बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारे स्विच) बदलाच. वाळल्यावर ते चालतात, पण आतल्या पितळेवर गाळ बसलेला असतो आणि काही महिन्यांनी तिथेच ठिणगी पडते. स्विचबोर्ड उघडला की भिंतीतल्या पाइपच्या तोंडातून चमचाभर मातकट पाणी ओघळतं. बाहेरून सगळं कोरडं असतानाही ते तिथे आठवडाभर असतं. इलेक्ट्रिशियनला ते पाइप हवेने फुंकायला सांगा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासून घ्या. रीडिंग १ मेगाओमपेक्षा कमी आलं तर ते सर्किट जोडायचं नाही. अर्थिंगही तपासा आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आताच बसवा.

जमिनीतल्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती पूर्ण उपसा, गाळ काढा, घासा आणि भरा. दर १००० लीटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळ पाणी टाकीत ओता. पंप लावून घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बारा तास काहीही वापरू नका. नंतर हे सगळं पाणी काढून टाका, झाडांना घालू नका. त्यानंतर रोजच्या वापराला १००० लीटरला अडीच ग्रॅम पुरे, अर्धा तास थांबून वापरा. विहिरीचंही गणित तेच. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण १२,५०० लीटर भरतं आणि पावडर सुमारे १ किलो ९०० ग्रॅम लागते.

चिखलात काम करताना पाय कापला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत जोराचं दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) संशय त्यावरूनच येतो.

वाळवणं

ओल्या घरात एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते, म्हणून हवा खेळती ठेवण्याचं काम पहिल्या दिवसापासून करा. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा, दारं-ड्रॉवर उघडे ठेवा. बाहेर पाऊस चालू असताना खिडक्या उघडून फायदा नाही, उलट ओल आत येते. अशा वेळी खोली बंद करून एसी ड्राय मोडवर चालवा. ऊन पडलं की सगळं सताड उघडा.

नागपुरात घरोघरी एक यंत्र आहे, कूलर. वायरिंग तपासून झाल्यावर त्यातलं पाणी काढा, वुडवूलच्या ताट्या काढून ठेवा आणि कूलर खोलीत आणून त्याचं तोंड खिडकीबाहेर करा. दमट हवा बाहेर जाते आणि समोरच्या दारातून कोरडी हवा आत येते. पाणी भरून लावलात तर मात्र भिंत आणखी ओली कराल. कूलर लोखंडी असतो, म्हणून तीन पिनचा प्लग, चालू अर्थिंग आणि खाली कोरडा लाकडी पाट हवाच. चालू असताना त्याला हात लावू नका. पुरात बुडालेला कूलर वापरू नका. त्याच्या तळाशी साचलेलं पाणीही उपसा, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

फरशीवर एक रुपयाचं नाणं ठोकत फिरा. घट्ट फरशीचा आवाज टणक येतो, पोकळ फरशीचा ढब्ब. पोकळ आवाजाच्या टाइलखाली पाणी साचलेलं असतं आणि वरून कितीही पंखा लावला तरी ते निघत नाही. तिथल्या एक-दोन टाइल उचला.

भिंतीवरची पुट्टी, पीओपी, प्लास्टिक किंवा ऑइल पेंट पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून प्लास्टर उघडं करा. हे नको वाटतं, पण रंगाच्या कातडीखाली ओल कोंडलेली राहते. सुटलेलं, पोकळ वाजणारं प्लास्टर काढून टाका. काही दिवसांनी विटांवर पांढरी भुकटी दिसेल, तो लोणा. कोरड्या ब्रशने झाडून पोत्यात भरा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातो.

दिवाळीला भिंती उघड्या नकोत ना? मग चुना लावा. चुन्यातून भिंत श्वास घेते आणि ओल बाहेर पडत राहते. एक किलो चुना पाच लीटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, थोडा भिजवलेला डिंक घाला आणि दोन पातळ हात मारा. डोळ्यांना जपा, कळीचा चुना पाण्यात पडताच उकळून उडतो. पुट्टीवर चुना धरत नाही, खरवडलेल्या प्लास्टरवरच धरतो.

पुट्टी कधी? नऊ इंची विटेची भिंत पूर्ण वाळायला हिवाळा तर जातोच. दीड फूट चौरस पॉलिथिन चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा प्लास्टर गडद झालं तर थांबा. रेघेच्या वर-खाली तीन-चार जागी ही चाचणी कोरडी आली की मगच मिस्त्रीला बोलवा. नागपुरात ही वेळ साधारण होळीच्या सुमारास येते, हवाही तेव्हा कोरडी असते.

भिंती उघड्या आहेत तोवर आणखी दोन कामं करून घ्या. घराबाहेर पडणाऱ्या गडर लाइनच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारी, उलटं येऊ न देणारी झडप) बसवा. कित्येक लेआउटमध्ये सिमेंट रस्ता घराच्या ओट्यापेक्षा उंच झाला आहे, आणि तिथे पाणी दारातून यायच्या आधी नहाणीतून येतं. आणि पुट्टीवाला पाण्याची रेघ पुसण्याआधी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने ती उंची लिहून ठेवा. खालचे सगळे प्लगपॉइंट तिच्या फूटभर वर न्यायला इलेक्ट्रिशियनला सांगताना तीच खूण लागेल.