वाहतूक पोलिसाने हात उचलला? तक्रार टिकवायची असेल तर या चुका टाळा

हेल्मेट नसणे, सिग्नल तोडणे, पीयूसी संपलेली असणे, दुचाकीवर तिसरा माणूस बसवणे. या सगळ्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये दंड लिहिलेला आहे. कानाखाली मारणे, काठीचा फटका, कॉलर धरून खाली ओढणे हे त्यातल्या एकाही कलमात नाही. गणवेशातला पोलीस कागदपत्रे मागू शकतो, चलान करू शकतो आणि ठरावीक कारणांसाठी गाडी अडकवू शकतो. कोणी दारू पिऊन किंवा धोकादायक पद्धतीने गाडी चालवताना समोर सापडला, तर वॉरंटशिवाय अटकही करू शकतो. बळ वापरण्याचा प्रश्न येतो तो अटकेला विरोध झाला तरच. तेव्हाही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे अटकेपुरतेच बळ चालते, आणि कलम ४६ प्रमाणे माणूस पळून जाऊ नये एवढाच अटकाव करता येतो.

कायदा इतका स्पष्ट असूनही नाक्यावरच्या मारहाणीच्या अनेक तक्रारी कोर्टापर्यंत पोहोचतच नाहीत. थपडेचा वळ काही तासांत उतरतो, बघे पांगतात, कॅमेऱ्यातले चित्रण पुसले जाते. आणि दरम्यान ‘सरकारी कामात अडथळा’ हा गुन्हा मार खाणाऱ्यावरच दाखल झालेला असतो. हे टाळता येते. त्यासाठी रस्त्यावर काय करायचे नाही आणि नंतरच्या दोन दिवसांत काय करायचे, हे आधीपासून ठाऊक असायला हवे.

नाका दिसला की गाडी वळवणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. २०१८ मध्ये तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट तपासणीतून पुढे गेलेल्या दुचाकीचा पोलीस निरीक्षकाने पाठलाग केला, गाडी पडली आणि मागे बसलेली महिला मरण पावली. निरीक्षकाला अटक झाली, पण गेलेला जीव परत आला नाही. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने बजावले की हेल्मेट नसलेल्यांना पकडण्यासाठी पोलिसांनी पाठलाग करू नये, रस्त्याच्या मधोमध आडवे येऊ नये, कॅमेऱ्यांसारखी साधने वापरावीत. महाराष्ट्रातल्या प्रत्येक नाक्यावर असा संयम दिसेलच असे नाही. चालत्या दुचाकीपुढे काठी आडवी येणे हे थपडेपेक्षा कितीतरी घातक आहे. वेग कमी करा, डावीकडे थांबा, इंजिन बंद करा, दोन्ही हात हँडलवर किंवा स्टिअरिंगवर दिसू द्या. रात्री कारमध्ये असाल तर आतला दिवा लावा.

श्वासचाचणीला नकार देणेही असेच अंगाशी येते. नकार हाच कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येतो. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडून द्यावे लागते. अटकेची वेळ लक्षात ठेवा.

किल्लीसाठी झटापट करणे

नाक्यावरची बरीचशी हातघाई इथूनच सुरू होते. पोलीस इग्निशनमधून किल्ली काढतो, चालक त्याचा हात धरतो, आणि पुढे कोणी कोणाला ढकलले यावरच सगळे अडकते. किल्ली काढून घेण्याचा वेगळा अधिकार मोटार वाहन कायद्यात लिहिलेला नाही. कलम २०७ खाली गाडी अडकवता येते ती मुख्यतः परवाना नसलेल्याने चालवली, नोंदणी नसली किंवा परमिट नसले तर. नुसत्या हेल्मेटसाठी किंवा सिग्नलसाठी नाही. तरीही त्या क्षणी हात धरू नका. पोलिसाच्या मनगटाला तुमची बोटे लागली की भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ ला जागा मिळते. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळ वापरण्याचा हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा, आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. तुमची थपडेची तक्रार मात्र बहुधा अदखलपात्र ठरते. हा असमतोल डोक्यात पक्का ठेवला तर हात आपोआप आवरतो.

त्याऐवजी एक-दोन वाक्ये पुरतात, आणि ती बघ्यांना ऐकू जातील अशा आवाजात म्हणावीत: ‘साहेब, किल्ली तुम्ही काढून घेतली आहे. कोणत्या कलमाखाली, ते सांगा. चलान करा, माझी हरकत नाही.’ ‘ओळखतोस का मी कोण आहे?’, ‘तुझी बदली करतो’, अमक्या नेत्याला फोन लावणे, हवालदाराला अरे-तुरे करणे यांनी एकही दंड माफ होत नाही. शब्दाने शब्द वाढतो आणि पुढे जबाबात ‘आरोपीने धमकी दिली’ एवढेच उरते.

चलान नको म्हणून गयावया करणे ही याचीच दुसरी बाजू. मारहाण झाली असेल तर चलान होणे तुमच्या फायद्याचे आहे, कारण त्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण येते. तुम्हाला त्या नाक्यावर थांबवलेच नव्हते, असे मग कोणी म्हणू शकत नाही.

उलट मारणे

स्वसंरक्षणाचा हक्क आहे म्हणून फिरून हात चालवणारे न्याय संहितेचे कलम ३७ वाचत नाहीत. सरकारी नोकर आपल्या पदाच्या नावाखाली सद्भावनेने काही करत असेल आणि त्यातून मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. त्याची कृती कायद्याला काटेकोरपणे धरून नसली तरीही. थप्पड मारणे सद्भावनेत बसत नाही हे बरोबर, पण तो मुद्दा कोर्टात मांडायचा आहे, रस्त्यावर नाही. डोके आणि कान हातांनी झाका, मागे सरका, मोठ्याने ‘मारू नका’ म्हणा, आणि शक्य होताच ११२ ला फोन करा. नाक्यावर पोलीस असताना पोलिसांनाच फोन करणे विचित्र वाटते. पण त्या फोनची वेळेसह नोंद होते आणि ती तुमच्या हातातली नसते, म्हणून तिला वजन असते.

चित्रण चुकीच्या पद्धतीने करणे

सार्वजनिक रस्त्यावर कर्तव्यावरच्या पोलिसाचे चित्रण करण्यावर सरसकट बंदी नाही. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्यातले ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये एका चित्रणाच्याच प्रकरणात म्हटले आहे. चूक होते ती फोन पोलिसाच्या तोंडाशी नेण्यात. छातीच्या उंचीवर धरा, दोन पावले अंतर ठेवा, शक्यतो मागे बसलेल्याने किंवा बाजूच्या माणसाने चित्रण करावे. नेमप्लेट, बक्कल नंबर, पोलीस गाडीचा क्रमांक आणि मागची एखादी दुकानाची पाटी एवढे चित्रात आले की बाकी काही नसले तरी चालेल. नेमप्लेट नसेल तर नाक्याचे ठिकाण आणि वेळ लगेच लिहून ठेवा. त्या वेळी तिथे कोणाची ड्युटी होती, हे ठाण्याच्या नोंदींतून काढता येते.

पुढची चूक जास्त नुकसान करते. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवून, फोन भरला म्हणून मूळ फाइल पुसून टाकणे. व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करते आणि तिच्यातली वेळेची माहिती निघून जाते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकाने काढलेला आकडा, लिहावे लागते. ते मूळ फाइलचेच हवे. फाइल न कापता, न सजवता पेनड्राइव्हवर उतरवा, त्याच दिवशी हॅश काढून घ्या, फोन विकू नका, रीसेट करू नका. समाजमाध्यमावर टाकायचेच असेल तर प्रत टाका, आणि तीही तक्रार दिल्यावर.

दवाखान्यात उशिरा जाणे किंवा अर्धेच सांगणे

प्रकरण उभे राहते किंवा कोसळते ते इथे. शक्यतो त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा आणि वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणजे एमएलसी म्हणून नोंद करायला सांगा. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी चालते, पण एमएलसीची बरोबरी करत नाही. केस पेपरवर पहिल्याच ओळीत इतिहास लिहिला जातो. घाबरून ‘पडलो’ म्हणालात तर ती ओळ वर्षानुवर्षे तुमचा पाठलाग करते. कोणी मारले, कशाने मारले, कुठे, किती वाजता, हे तसेच्या तसे सांगा. ‘गणवेशातल्या पोलिसाने उघड्या हाताने डाव्या कानावर’ इतके नेमके. पोलिसच तुम्हाला तपासणीला घेऊन आले असतील तर डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची मागणी करा. अटक झालेली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क आहे, आणि दंडाधिकाऱ्यांपुढे पहिल्यांदा उभे केल्यावर मार बसल्याचे तिथेच तोंडाने सांगितले पाहिजे. नंतर सांगितलेले बनवलेले वाटते.

कानाखालची थप्पड किरकोळ समजू नका. कानात एकदम दाब वाढून पडदा फाटू शकतो. दडा बसणे, शिट्टी वाजल्यासारखा आवाज, कमी ऐकू येणे, कधी रक्ताचा थेंब ही लक्षणे. लहान छिद्र काही आठवड्यांत आपोआप भरते आणि त्याबरोबर पुरावाही जातो. म्हणून एक-दोन दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. कानात पाणी जाऊ देऊ नका, तेल घालू नका. तीन महिन्यांनी पुन्हा ऑडिओमेट्री करा, कारण एका कानाची श्रवणशक्ती कायमची गेली तर ती कायद्याने गंभीर दुखापत ठरते.

लाठीचा फटका मांसल भागावर बसला की दोन समांतर लाल रेघा आणि मधे फिकट पट्टा उमटतो. पडल्याने सहसा असा वळ उठत नाही. त्यामुळे ‘गाडीवरून पडला’ या उत्तराला हा फोटो मोठा अडथळा असतो. उजेडात, समोरून, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून फोटो काढा. एक लांबून, ज्यात चेहरा दिसेल, आणि एक जवळून. खोल मार एक-दोन दिवसांनी वर येतो, म्हणून दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशीही फोटो घ्या. फटका अडवताना पुढचा हात आडवा धरला असेल तर एक्स-रे काढाच. मनगटात अंगठ्याच्या बाजूला दुखत असेल आणि पहिला एक्स-रे साफ असेल, तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा काढा. तिथल्या स्केफॉइड हाडाची चीर सुरुवातीला लपून राहते. हाड मोडणे, दात तुटणे, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहणे अथवा रोजचे काम करता न येणे ही गंभीर दुखापत आहे, आणि मग गुन्हा दखलपात्र होतो.

‘मारहाण झाली’ एवढेच लिहून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन परत येणे

साध्या दुखापतीचे न्याय संहितेतले कलम ११५(२) अदखलपात्र आहे. ठाणे अंमलदार एनसीची पावती हातात देतो आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास सुरू होत नाही. पण खरोखर जे घडले ते पूर्ण लिहिले तर चित्र बदलू शकते. चलान झाल्यावरही किल्ली न देता अडवून ठेवले असेल, तर तो गैर अटकाव, कलम १२६(२), आणि तो दखलपात्र आहे. एकाच घटनेत एक जरी गुन्हा दखलपात्र असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(४) प्रमाणे सगळे प्रकरणच दखलपात्र धरले जाते. जातिवाचक शिवीगाळ झाली असेल तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो. ती तक्रारीत पहिल्याच दिवशी, नेमक्या शब्दांसह यायला हवी. न घडलेले मात्र एक अक्षरही घालू नका. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या दहा खऱ्या ओळी संशयात येतात.

तक्रार त्याच ठाण्यात द्यावी असे बंधन नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. नोंद घेत नसतील तर वाद न घालता तीच तक्रार कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, पोचपावतीसह टपालाने पाठवा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तिथे कलम १७५(४) प्रमाणे संबंधित पोलिसाची बाजू आणि त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवला जाऊ शकतो. खटल्यासाठी सरकारची परवानगी लागेल असे सांगून घाबरवले जाते. ज्या गुन्ह्यांना ती लागते तिथेही १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर कलम २१८ प्रमाणे परवानगी मिळाली असे समजले जाते.

चित्रणासाठी नुसत्या माहिती अधिकारावर विसंबणे

माहिती अधिकाराचे उत्तर येण्यास ३० दिवस लागतात. चौकातल्या किंवा दुकानाच्या कॅमेऱ्यात तोपर्यंत नवे चित्रण जुन्यावर चढलेले असू शकते. म्हणून दुसऱ्याच दिवशी पोलीस आयुक्तालय किंवा अधीक्षक कार्यालयाला तारीख, वेळेची चौकट आणि चौकाचे नाव लिहून ‘चित्रण जतन करा’ असे पत्र द्या, माहिती अधिकाराचा अर्ज नंतर. दुकानदाराला नम्रपणे विचारून त्याच्याकडची प्रत घ्या. चौकीत किंवा ठाण्यात नेले असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाचा उल्लेख करा. ठाण्यातले आवाजासह चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष ठेवण्याचे त्यात बंधन आहे.

पैसे देऊन मिटवणे

लाच घेणाऱ्याइतकाच देणाराही २०१८ पासून गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केल्यास बचाव मिळतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

मुदत निघून जाणे

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृतीबद्दल पोलिसावर कारवाईसाठी सहा महिन्यांची मुदत आहे. मारहाण ही कर्तव्याचा भाग नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण वकिलाला तो करायला लावण्याऐवजी सहा महिन्यांच्या आत दाखल होणे सोपे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. २०१४ च्या दुरुस्तीने आलेल्या राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे गंभीर दुखापत, नियम डावलून केलेली अटक किंवा ताबा, खंडणी आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर अशा तक्रारी नेता येतात. तिथे अर्ज करताना एमएलसीची प्रत, चलान, ११२ च्या फोनची वेळ, अधीक्षकांना पाठवलेल्या पत्राची पोच आणि जखमांचे तारीखवार फोटो एकाच संचात, पानांना क्रमांक घालून जोडा.