मॅट वार्निश पांढरं पडलं, ते असं सुधारलं
वास्कोत राहतो, दाबोळीवरून उडणारी नेव्हीची लढाऊ सी हॅरिअर विमानं लहानपणापासून बघत आलो, 2016 ला ती निवृत्त झाली तेव्हापासून 1/72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या 72 पट लहान, तिचं एक मॉडेल करायचंच होतं. जुलैत रंग, डिकल (चिन्हांचे पातळ स्टिकर) सगळं मस्त बसलं आणि शेवटी बाल्कनीत मॅट (चमक नसलेल्या) वार्निशचा स्प्रे मारला तर अख्ख्या विमानावर पांढरट धुकं, रडूच आलं हो. पावसाळी दमट हवेत स्प्रे मारला की असं होतं. घासू मात्र नका, डिकल जातील! मी चवथ झाल्यावर कोरडा दिवस बघून त्यावरच ग्लॉस म्हणजे चकचकीत वार्निशचे दोन पातळ हात दिले, पांढरेपणा जवळजवळ गेलाच, मग दुसऱ्या दिवशी परत मॅट, एकदम हलका. शेपटीवरचा पांढरा वाघ, स्क्वाड्रनचं चिन्ह, आता स्वच्छ दिसतोय.