खिडकीची काच फुटायच्या आधी घरात काय काय असू दे

मे महिन्यात पोरांना सुट्टी, त्यामुळे पार्किंगमध्ये सकाळपासून क्रिकेट, आणि ते संपतंय न संपतंय तोवर वाऱ्यासकट पाऊस, म्हणजे काचा फुटायचे दोन सीझन आपल्याकडे एकमेकांना चिकटूनच येतात. त्यात काच काही दुकानं उघडी आहेत का बघून फुटत नाही, ती रविवारी संध्याकाळी फुटते, काचवाला उद्या येतो म्हणतो आणि चार दिवसांनी उगवतो, आणि जूनमध्ये तर त्याला फोन उचलायलाही फुरसत नसते. ते मधले चार दिवस ज्याच्यावर काढायचे त्या सामानाची ही यादी. कायमची दुरुस्ती यात नाही, फुटलेली काच घरच्या घरी पहिल्यासारखी होत नाही, कोणी कितीही व्हिडिओ दाखवू देत.

सामान आणायच्या आधी एक काम आजच करून टाका, घरात कुठे कुठली काच आहे ते बघा. साधी काच फुटली की लांब सुऱ्यांसारखे तुकडे पडतात, आणि तडा गेला तरी ती फ्रेममध्ये तशीच उभी राहू शकते. टफन काचेचा मात्र एकदम चुरा होतो, ज्वारीच्या दाण्यांएवढे तुकडे, तिला नुसता तडा जाऊन थांबणं हा प्रकारच नाही, म्हणजे टेप लावून वाचवायचा प्रश्नच संपला. टफन ओळखायची तर कोपऱ्यात बारीक छाप असतो, कधी कंपनीचा, कधी त्यात आयएस 2553 हा भारतीय मानकाचा नंबर लिहिलेला असतो. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मधे फिल्म असते, ती फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात, गाडीच्या पुढच्या काचेसारखं. हे आधी माहीत पाहिजे कारण साधी काच कापून लगेच मिळते, टफन नंतर कापता येत नाही, मापाची बनवूनच मागवावी लागते आणि त्यात दिवस जातात, म्हणजे बाल्कनीला टफन असेल तर तिथली तात्पुरती सोय जास्त दमाची लागणार. बघताय तर लगे हाथ माप पण घेऊन फोनमध्ये ठेवा, लांबी, रुंदी, जाडी. घरांमध्ये बऱ्याचदा 4 किंवा 5 एमएम असते. बाथरूमच्या लूव्हरच्या पट्ट्यांचं माप वेगळं लिहा, तिथली एखादी जास्तीची पट्टी आणून ठेवली तर तो विषय तिथेच मिटतो, खाचेत सरकवली की झालं.

आता खोका. बुटाचा रिकामा खोका पुरत नाही, जरा मोठा घ्या. सगळ्यात आधी हातमोजे, ते भांडी घासायचे रबरी नकोत, हार्डवेअरवाल्याकडे जाड विणलेले, तळव्याला रबराचा थर असलेले मिळतात ते. सोबत डोळ्यांना साधा प्लास्टिक गॉगल, आणि घरात बंद बूट कुठे आहेत ते सगळ्यांना माहीत असू दे, कारण काच फुटल्याचा आवाज आला की माणूस पहिलं काय करतो तर अनवाणी धावतो. मग चिकटपट्टी, ही जरा विचार करून घ्या. कार्टनला लावायची ती 2 इंची पारदर्शक पॅकिंग टेप काचेला चांगली धरते, दोन रोल ठेवा. ब्राऊन टेप चालते पण घरात अंधार करते. मास्किंग टेप पावसात सुटते आणि उन्हात वाळून अशी चिकटते की खरवडावी लागते, ती रंगाऱ्यांनाच राहू दे. कडेला फ्रेमवर मारायला डक्ट टेप, कापडी पाठीची, महाग असते पण वाऱ्याला तीच पुरते.

त्याच खोक्यात फेविक्विकच्या दोन छोट्या ट्यूब, अॅरल्डाइट, एक पारदर्शक नेलपॉलिश, सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची गन (गन आणायची लोक हमखास विसरतात, मग नळी कापून बोटाने लावत बसतात), कात्री, कटर, हातोडी, पक्कड, थोडे बारीक खिळे, टॉर्च, मार्कर आणि जुन्या पेपरची चळत. नळीवर तारीख बघून घ्या, सिलिकॉन जुनं झालं की आतल्या आत वाळतं आणि ऐन वेळी गन दाबून हात दुखतो पण बाहेर काही येत नाही.

झाकायला काय हा मोठा प्रश्न. पुठ्ठा लोक लावतात, एका सरीत त्याचा लगदा होतो. थर्माकोल वाऱ्यात मोडतो. पावसाच्या आधी रस्त्याकडेला निळ्या-पिवळ्या प्लास्टिकचे गठ्ठे विकायला बसतात ना, त्यातलं जरा जाड बघून सगळ्यात मोठ्या खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा फूट जास्त असं कापून आणा. माझं मत विचाराल तर जुना फ्लेक्स सगळ्यात भारी, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा असो नाहीतर निवडणुकीचा, पाणी जात नाही, फाटत नाही, कडेला शिवण असते, फक्त नेत्याचं तोंड बाहेरच्या बाजूला करा म्हणजे घरात कायम कोणी बघतंय असं वाटणार नाही. खोलीत उजेड पाहिजे असेल तर 3 एमएमची अॅक्रिलिक शीट मापाला कापून मिळते, ती काचेच्या जागी बरेच दिवस राहू शकते. आणि सुताराकडून चार लाकडी पट्ट्या, इंचभर रुंदीच्या. प्लास्टिक नुसत्या टेपवर सोडलं की वारा त्याचं शीड करतो आणि रात्रभर फडफड ऐकत बसावं लागतं, पट्टीखाली दाबून खिळे मारले की गप्प बसतं. हे अर्थात लाकडी चौकटीला, अॅल्युमिनियमला भोकं पाडू नका, तिथे डक्ट टेप आणि ऑफिसातले ते काळे बाइंडर क्लिप.

आता प्रत्यक्ष वेळ आली की. नुसता तडा गेलाय, काच हलत नाहीये, तर घाई नाही पण उद्यावरही टाकू नका, कारण तडा आपोआप पुढे सरकतो. अर्धी काच उन्हात आणि अर्धी सावलीत असली, किंवा आतून एसीची गार हवा आणि बाहेरून ऊन असलं की ताण येतो, आणि तड्यात ओल शिरली की तो अजून सोपेपणाने पळतो, म्हणून पावसाळ्यातला तडा जास्त वाईट. आधी काच कोरडी करायची, अगदी कोरडी, स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसून घ्या, ओल्या काचेवर जगातली कुठलीच टेप बसत नाही. बोटभर तडा असेल तर त्यावर नेलपॉलिशचे दोन-तीन हात किंवा फेविक्विकचा थेंब, ते पातळ असतं म्हणून फटीत शिरतं, फक्त जास्त ओतलं तर आजूबाजूला पांढरी धूळ बसल्यासारखं दिसतं. लांब तडा असेल तर अॅरल्डाइटचं दोन्ही ट्यूबमधलं सारखं मिसळून पातळ पसरवा. मग वरून पॅकिंग टेप, तड्याच्या लांबीने एक आणि आडव्या छोट्या दोन-चार, आतून तर लावाच, बाहेरून हात सुरक्षितपणे पोचत असेल तरच बाहेरून. चौथ्या मजल्यावर ग्रिल नसलेल्या खिडकीतून वाकून टेप लावायची नाही, आतली पुरे.

पण तडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलाय, किंवा दोन-तीन तडे मिळून मधे त्रिकोण सुटलाय, किंवा बोट टेकवल्यावर कुरकुर ऐकू येते, तर ती काच वाचवण्यात अर्थ नाही. 2 बाय 4 फुटांची 5 एमएम काच म्हणजे जवळपास 9 किलो वजन, ते खाली पार्किंगमध्ये कोणाच्या डोक्यावर पडायला नको. आधी वॉचमनला सांगून खालची जागा मोकळी करून घ्या, मग काचेवर आतून पेपर आणि टेपचा जाळीसारखा थर द्या म्हणजे काढताना तुकडे एकमेकांना धरून येतात. वरच्या तुकड्यापासून सुरुवात, कधीच खालून नाही, खालचा काढला की वरचा हातावर येतो. जुन्या लाकडी खिडकीत काच लांबीने, म्हणजे पुट्टीने, बसवलेली असते, खडू पावडर आणि जवसाच्या तेलाची ती कडक झालेली लांबी पटाशीने हलक्या हाताने उडवा, आत बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, असतात त्या पकडीने ओढा. स्लायडिंगचं शटर वर उचलून खालची बाजू आत घेतली की निघतं, पण दोन माणसं पाहिजेत, आणि बाहेर ग्रिल नसेल तर हे काम कारागिरावर सोडा, तोवर आतून पेपर-टेप आणि खोलीचं दार बंद.

स्लायडिंगवाल्यांसाठी अजून एक, हे फार कमी लोकांना सुचतं. बिल्डरने बऱ्याचदा दोन-तीन खिडक्या एकाच मापाच्या दिलेल्या असतात. बेडरूमचं शटर फुटलं तर कोरड्या बाल्कनीकडचं किंवा डक्टकडचं त्याच मापाचं शटर काढून तिथे घाला, आणि रिकामं भोक जिथे पाऊस येत नाही तिथे न्या. आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून, म्हणजे त्या बाजूच्या खिडकीला चांगली काच आणि बाकीच्यांना प्लास्टिक, असा हिशोब. भोक कुठेही असो, संध्याकाळच्या आत झाका, नाहीतर डास येतातच आणि सकाळी कबुतर कपाटावर बसलेलं असतं.

प्लास्टिक लावताना वरची कड आधी पक्की करा आणि चौकटीच्या वरून खाली ओघळेल असं लावा, पाणी मागे शिरायला नको. तळमजला असेल तर बाहेरून लावलेलं बरं, वारा ते चौकटीवर दाबतो, आतून लावलं तर वारा त्याला फुगवून सोडवतो, वरच्या मजल्यावर इलाज नाही, आतूनच, म्हणून तिथे टेप दुप्पट. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जायची भोकं असतात ती टेपने बुजवू नका, नाहीतर ट्रॅक भरून पाणी गादीपर्यंत येतं.

कोकणातल्या लोकांना हे सगळं शिकवायची गरज नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा ताशी 110-120 किलोमीटरचा वारा होता, त्यात टाळेबंदीचे दिवस, श्रीवर्धन-मुरुडकडे कितीतरी गावांत लाईट आठवडेच्या आठवडे नव्हते, तिथे काचवाला कुठून येणार, ज्याच्या घरात प्लास्टिक आणि सुतळी होती तो सुटला. वादळाचा इशारा आला की काचांवर फुलीसारख्या टेपा मारायचे फोटो मात्र दरवेळी फिरतात, त्याचा उपयोग नाही. काच त्याने मजबूत होत नाही, उलट फुटली तर टेपला धरून मोठे धारदार तुकडे उडू शकतात, अमेरिकेतलं नॅशनल हरिकेन सेंटरही टेप लावू नका असंच सांगतं. तडा गेलेल्या काचेचे तुकडे चार दिवस धरून ठेवायला टेप ठीक, वादळ अडवायला नाही. त्यासाठी प्लायवूड, 12 एमएमचा, आधीच कापून भोकं पाडून मागे नंबर टाकून ठेवलेला, कारण ऐन वेळी कुठला तुकडा कुठल्या खिडकीचा हे शोधत बसलं तर वारा थांबत नाही.

फुटल्यावर जमीन साफ करायला झाडू शेवटी. मोठे तुकडे हातमोजे घालून उचला, मग लाईट बंद करून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा मारा, एकेक कण चमकतो, आणि ते कणकेच्या ओल्या गोळ्याने किंवा ओल्या पेपरने टिपून घ्या, गोळा अर्थातच फेकायचा. पडदे आणि गादीची चादर झटकायची नाही, गुंडाळून बाहेर न्या. तुकडे पेपरच्या चार घड्यांत, मग खोक्यात, वर मार्करने ठळक काच असं लिहून कचरा नेणाऱ्यांच्या हातात सांगून द्या, ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलेली काच त्यांच्याच बोटात जाते.

काचवाल्याला फोन करताना फोनमधलं माप, जाडी, साधी की टफन, कितवा मजला आणि लिफ्टमध्ये काच मावते का एवढं एकदम सांगा, त्याची एक फेरी वाचते म्हणजे आपलेही दोन दिवस वाचतात. फुटलेल्या काचेचा जाड कडेचा एक तुकडा नमुना म्हणून बाजूला ठेवा, विशेषतः धुरकट किंवा फुलांच्या डिझाइनची काच असेल तर. नवीन बसली की सिलिकॉनला रात्रभर तरी वाळू द्या, लगेच शटर सरकवू नका, आणि फ्रेमवर उरलेला टेपचा चिकटा रॉकेल नाहीतर निलगिरीच्या तेलाचा बोळा फिरवला की निघतो. जेवढी टेप आणि प्लास्टिक वापरलं गेलं तेवढं मात्र त्याच आठवड्यात नवीन आणून खोक्यात टाका, पाऊस सप्टेंबरपर्यंत आहे.