जुना सीसीटीव्ही ‘अजून चालतोय’? मग या चुका टाळा

जालन्याच्या मोंढ्यातली आडत घ्या नाहीतर लातूरचं क्लासच्या पोरांचं होस्टेल, नऊ-दहा वर्षं जुना डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, कपाटावर धूळ खात बसलेला असतो आणि त्याचं काही विचारलं की एकच उत्तर येतं, “चालतोय की भाऊ, कशाला बदलायचा?” खरंय, चालतो. रात्रीचं काळं-पांढरं चित्र पण बरं दिसतं. पण चित्र दिसतंय म्हणजे कॅमेरा ठीक आहे असं धरून चालणं हीच पहिली चूक, कारण नेटवर्क कॅमेरा काय नि डीव्हीआर काय, आत एक छोटा कॉम्प्युटरच असतो, बहुतेक वेळा लिनक्सवर चालणारा, आणि कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट बंद केले की त्याच्या सुरक्षेतली भोकं तशीच राहतात, वर नवीन सापडत जातात ती वेगळीच.

उदाहरण द्यायचं तर अ‍ॅव्हटेक कंपनीचा एव्हीएम१२०३ कॅमेरा. २०१९ लाच त्याची विक्री आणि सपोर्ट बंद झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अकामाई या नेटच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपनीच्या लोकांनी सांगितलं की त्याच्या ब्राइटनेस कमी-जास्त करायच्या सेटिंगमधून बाहेरचा माणूस पासवर्ड न टाकता आत स्वतःच्या कमांड चालवू शकतो, आणि लोक ते करत पण होते. उजेड वाढवायच्या सोयीतून चोर आत! त्यावर तेव्हा पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, नव्हता, कारण कंपनीने ते मॉडेलच सोडून दिलं होतं. उलट हाइकव्हिजनमध्ये २०२१ ला असंच मोठं भोक सापडलं तेव्हा कंपनीने नवीन फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलं, पण ते आपल्याकडे किती जणांनी टाकलं असेल? कॅमेरेवाला बसवून पैसे घेऊन गेला की परत फर्मवेअरचं नाव कोण काढतं.

म्हणून आधी डब्याच्या मागचं किंवा खालचं लेबल बघा, मॉडेल नंबरचा फोटो काढा, कंपनीच्या साईटवर तो नंबर टाका. शेवटचं फर्मवेअर पाच-सहा वर्षांपूर्वीचं असेल किंवा ‘डिस्कंटिन्यूड’ लिहिलेलं असेल तर सपोर्ट संपला असं समजून घ्या. लेबलवर कंपनीचं नावच नसेल, नुसतं ‘एचडी डीव्हीआर’ असेल, तर शोधत बसू नका, त्याला सपोर्ट नाही असंच धरा.

पासवर्डचं सगळ्यांना माहितीय, तरी अ‍ॅडमिन-१२३४५ सगळीकडे आहेच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला वेबसाईटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) नावाच्या कंपनीवर इतका ट्रॅफिक सोडला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेना. म्हणजे तुमच्या गोठ्यात बघण्यात कोणाला रस नसला तरी तुमचा डीव्हीआर कामाला लावण्यात असतो. आणि नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, हे फार कमी जण सांगतात. त्या वेळच्या बऱ्याच स्वस्त डीव्हीआरमध्ये आतल्या टेलनेटचा, म्हणजे दुरून कमांड द्यायच्या दाराचा, पासवर्ड फॅक्टरीतच कोरलेला होता, स्क्रीनवरून तुम्ही कितीही अवघड पासवर्ड ठेवा, तो आतला तसाच राहायचा. ‘बंद करून चालू केला की व्हायरस जातो’ हे मिराईच्या बाबतीत खरं आहे, तो मेमरीतच राहतो, पण भोक उघडंच असेल तर थोड्याच वेळात परत लागण होते. फॅक्टरी रीसेटचंही तसंच, सेटिंग जातं, भोक राहतं.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते. मालक म्हणतो, मला शेतातून मोबाईलवर दुकान दिसलं पाहिजे, मग कॅमेरेवाला राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो, म्हणजे ५५४, ८०००, ३७७७७ अशा नंबरची दारं सरळ बाहेर इंटरनेटला उघडी. कधी तो काहीच करत नाही, राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे आपोआप पोर्ट उघडायची सोय, चालू असतं आणि डीव्हीआर स्वतःच दार उघडून घेतो. शोडॅनसारखी सर्च इंजिनं असे उघडे डबे दिवस-रात्र शोधत असतात, तुमचं गाव हिंगोली आहे का हाँगकाँग त्यांना फरक पडत नाही. राउटरच्या पानावर जा, यूपीएनपी बंद करा, पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत जे असेल ते काढा. मोबाईलवर दिसणं बंद झालं तर समजा ते याच दारातून येत होतं.

काही जण म्हणतात आमच्या केबलवाल्याच्या नेटला स्टॅटिक आयपीच नाही, बाहेरून कोणी येणारच नाही. एकच आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असेल तर थोडं खरंय, नुसता आयपी बदलत राहिल्याने कोणी अडत नाही, पण मग तुम्ही क्यूआर स्कॅन करून ॲपवर बघता ते कसं दिसतं? पीटूपी क्लाउडमधून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरच्या मदतीने. आणि ते क्लाउडपण धुतल्या तांदळासारखं नसतं, २०१८ मध्ये शिओंगमाई या चिनी कंपनीच्या क्लाउडचं उघड झालं की डब्याचा आयडी त्याच्या मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे फॅक्टरीत दिलेल्या नेटवर्कच्या नंबरवरून, बनतो, म्हणजे अंदाजाने शोधता येतो, वर अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोरा. हीच कंपनी दुसऱ्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी डब्यांचं आतलं बनवते.

मग करायचं काय, सगळं भंगारात? अजिबात नाही. माझं सरळ मत आहे की आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त डीव्हीआरना इंटरनेट लागतच नाही. मागे जी नेटची वायर राउटरकडे जाते ती काढून टाका. रेकॉर्डिंग चालूच राहतं, टीव्हीवर दिसतंच, फक्त घड्याळ हळूहळू मागेपुढे होतं, तेव्हा महिन्यातून एकदा हाताने वेळ लावा, कारण चोरी झाली आणि फुटेजवरची वेळ चाळीस मिनिटं चुकलेली असेल तर पोलिसांसमोर आपणच सांगत बसतो.

अजून एक पैसे वाचवायची गोष्ट. डीव्हीआरला टीव्हीच्या केबलसारख्या कोॲक्स वायरने जोडलेले कॅमेरे असतील तर त्या कॅमेऱ्यांना नेटवर्कच नसतं, धोका फक्त डब्यात असतो. कोणी ‘आठही कॅमेरे बदला’ म्हणाला तर आधी विचारा की नुसता डीव्हीआर बदलून जुने कॅमेरे लागतील का, बहुतेक वेळा लागतात.

वायफायचे कॅमेरे मात्र ज्या वायफायवर टॅलीचा कॉम्प्युटर आणि घरच्यांचे मोबाईल आहेत त्यावरच ठेवणं टाळा. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करून कॅमेरे तिकडे हलवा. मग घरात बसून डायरेक्ट बघताना ‘कॅमेरा गायब झाला’ वाटेल, तो गायब नाही, वेगळ्या खोलीत आहे. शिवाय जुन्या डीव्हीआरचं पान फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडतं म्हणून काही जणांनी विंडोज ७ चा कॉम्प्युटर नेटला लावून जपून ठेवलाय, तो विंडोज जानेवारी २०२० पासून बिनसपोर्टचा आहे. एका जुन्याला सांभाळायला दुसरा जुना. मॉनिटर-माऊस लावून डीव्हीआरवरच सेटिंग करा.

बेडरूम, कपडे बदलायची जागा, दवाखान्याची तपासणी खोली इथे तर नेटवरचा कॅमेरा नकोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं सीसीटीव्ही फुटेज बाहेर विकलं गेल्याचं उघड झालं, त्यात पकडलेल्यांपैकी एक जण आपल्या लातूरचा निघाला.

शंका कधी घ्यायची? फिरणारा कॅमेरा आपोआप फिरला, युजरच्या यादीत तुम्ही न बनवलेलं नाव दिसलं, शेतातल्या सिमच्या कॅमेऱ्याचा डेटा कोणी बघत नसताना संपायला लागला, तर घ्या. नुसता रीस्टार्ट होतोय म्हणून घाबरू नका, आपल्याकडे लाईट किती वेळा जाते-येते ते माहितीय, आणि मे महिन्यात पत्र्याखालचा डीव्हीआर तापूनही बंद पडतो. शंका आली तर आधी नेट काढा, स्क्रीनचे फोटो घ्या, मग रीसेट, आणि खासगी व्हिडिओ बाहेर गेला असेल तर रीसेटच्या आधी cybercrime.gov.in वर किंवा पोलिसांकडे तक्रार द्या.

जुना कॅमेरा विकताना ॲपमधून काढा, रीसेट करा, मेमरी कार्ड आणि हार्डडिस्क स्वतःकडे ठेवा, आत तुमच्या वायफायचा पासवर्डपण असतो.

नवीन घेणार असाल तर ९ एप्रिल २०२५ पासून भारतात नव्या सीसीटीव्हीला सरकारच्या सुरक्षा नियमांप्रमाणे एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेची तपासणी लागते, तेव्हा दुकानदार ‘जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो’ म्हणाला की तो स्वस्त का आहे ते कळलं असेल. अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा, आणि बिलावर ‘कॅमेरा ४ नग’ असं नको, प्रत्येकाचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, पुढच्या वेळी लेबल वाचायला शिडी लावावी लागणार नाही.